खोळ काढण्याइतका पाहुणा

ट्रेमलेटांच्या घरात सून म्हणून आले तेव्हा दोन गोष्टी मला कुणी सांगितल्या नव्हत्या. एक, सासूबाईंना हाक काय मारायची. दुसरी, जेवणघरातल्या खुर्च्यांच्या खोळी कधी काढायच्या. पहिल्या अडचणीवर मी माझ्यापुरता उपाय काढला, हाकच मारायची नाही. काही हवं असलं की समोर जाऊन उभं राहायचं आणि घसा खाकरायचा. दुसरी गोष्ट लग्नाला वर्ष होऊन गेल्यावर कळली, तीही नवऱ्याकडून, हम्फ्रीकडून, सहज बोलता बोलता.

खुर्च्या आठ. अक्रोडाच्या लाकडाच्या, बाकदार पायांच्या, अ‍ॅन राणीच्या काळच्या, म्हणजे दोन शतकांहून जुन्या. बैठका भरतकामाच्या. जाड कापडावर लोकरीचे तिरपे टाके, इतके बारीक आणि दाट की खालचं कापड कुठे डोकावत नाही. प्रत्येक बैठकीवर चित्र वेगळं. एकीवर पोपट, एकीवर मेंढपाळीण, एकीवर हरणामागे धावणारा कुत्रा, त्याचं तोंड म्हणे कुत्र्यापेक्षा आमच्या पाद्रीसाहेबांच्या वळणाचं. हे सगळं घराण्यातल्या त्या काळच्या डॉर्कस ट्रेमलेट आणि तिच्या बहिणींनी भरलं आणि तेव्हापासून त्यातला एक टाकाही कुणी बदललेला नाही, असं सासूबाई सांगत. दाखवत मात्र नसत. कारण आठही बैठकांवर निळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या सुती खोळी असत, खालून नाड्यांनी घट्ट बांधलेल्या. आम्ही तिन्ही त्रिकाळ बसायचो ते त्या खोळींवर. मला वाटलं, कापड जपायला घातल्या असतील. आमच्या घरी आईसुद्धा सोफ्यावर जुनी चादर टाकायचीच.

"जपायला आहेतच," हम्फ्री म्हणाला. "पण पाहुणा तसाच असला तर काढतात. बिशप आले होते तेव्हा काढल्या होत्या. आताच्या लॉर्ड अ‍ॅशलेकचे आजोबा आले तेव्हाही. आणि हो, आईच्या लग्नात. तिचे वडील आरमारात मोठे होते ना."

"आणि आपल्या लग्नात?"

"आपल्या लग्नात काय?"

"खोळी होत्या, हम्फ्री."

त्याने थोडा विचार केला. "होत्या खऱ्या," म्हणाला, आणि पाइप शोधू लागला.

माझे वडील खाटीक. चॅगवेलच्या बाजारात चर्चच्या कोपऱ्यावर आमचं दुकान, वर 'व्हिकरी आणि मुलगा' अशी पाटी. आमच्या दुकानातलं मटण ट्रेमलेटांच्या घरी तीन पिढ्या जात होतं. मटण पुढच्या दाराने येत नाही आणि खाटकाची मुलगी येते, एवढाच काय तो फरक, असं मी लग्नाआधी हसत म्हणायचे. त्या दिवशी मात्र हसू आलं नाही. लग्नाच्या जेवणाला आई निळी हॅट घालून आली होती, खास एक्झेटरहून आणलेली, आणि तिला बसवलं होतं चौकड्यांच्या खोळीवर. आसपासच्या प्रत्येक घराला या खोळींचा अर्थ ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो फक्त नवरीला.

आईला कळू नये म्हणून मी गप्प राहायचं ठरवलं. पण ज्या बाईच्या गल्ल्यापुढे दिवसभर अख्खं गाव रांग लावून उभं असतं, तिला काय कळायचं राहतं? एकदा मीच आडून आडून विषय काढला तर म्हणाली, "अगं, आपण काय बिशप आहोत? आपल्यासाठी कोण सोडतंय नाड्या." आणि हाडं बांधायचा कागद फाडू लागली. ती निळी हॅट मात्र तिने त्यानंतर कधी घातली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, डोक्याला घट्ट होते. ती घट्ट नव्हती. ती घेताना मी बरोबर होते.

माझा राग तेव्हापासूनचा. सासूबाई वाईट होत्या असं नाही. मला कधी वाकडा शब्द बोलल्या नाहीत. बाळंतपणात माझ्या उशाशी बसून त्यांनी घोड्यांवरचं पुस्तक मोठ्याने वाचलं, आणि ते प्रेमाने वाचत होत्या हे मला कळत होतं. पण जेवणघरात पाऊल टाकलं की त्या निळ्या चौकड्या दिसायच्या आणि माझं पित्त खवळायचं. माझ्या आईने एकदा तरी, एकदाच, उघड्या भरतकामावर बसावं, तेही सगळ्यांदेखत, एवढीच माझी इच्छा होती. ती बोलून दाखवायची सोय नव्हती. आमच्याकडे मान मागून घेत नाहीत. मागितला की तो मान राहत नाही.

आमची जिल पाच वर्षांची असताना सफरचंदाच्या झाडावरून पडली आणि पाय मोडून बसली. तिच्या सोबतीला आई आठवडाभर राहायला आली. बाबा तोवर गेले होते, दुकान भाऊ बघत होता. आणि नेमका त्याच आठवड्यात गावाच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं. उद्घाटनाला लॉर्ड अ‍ॅशलेक येणार, बरोबर लेडी अ‍ॅशलेक, आणि दुपारचं जेवण आमच्याकडे. पाद्रीसाहेब, त्यांची बायको, आम्ही तिघं. म्हणजे सात, आणि खुर्च्या आठ.

"तुझ्या आईला त्या लोकांत अवघडल्यासारखं होईल," सासूबाई मला म्हणाल्या. "तिचं ताट आपण वर जिलच्या खोलीत पाठवू."

मी वर जाऊन आईला सांगितलं. ती जिलच्या प्लास्टरवर पेन्सिलीने डुक्कर काढत होती.

"बरंच झालं," ती म्हणाली. "इथे बूट तरी काढून बसता येईल."

"आई, तुला काही वाटत नाही?"

"वाटून काय करू? मटण कुठलं आणणार आहेत?"

"आपल्याच दुकानातलं. कोकरू."

"मग झालं तर. मी नसले तरी आपलं कोकरू आहे टेबलावर," म्हणाली, आणि डुकराला शेपटी काढली.

मी जिन्यात उभी राहून दात ओठ खाल्ले. खाली सासूबाई माझी वाटच पाहत होत्या. उद्या खोळी निघायच्या होत्या, तर आजच नाड्या सोडून बैठका मऊ ब्रशने झाडून ठेव, म्हणाल्या. म्हणजे ज्या मानापासून माझ्या आईला दूर ठेवलं होतं, त्याची तयारी मीच करायची. मी जेवणघरात गेले आणि पहिली खुर्ची उलटी केली.

नाड्या सुटेनात. इतकी वर्षं कुणी हात लावला नव्हता, गाठी दगड झाल्या होत्या. शेवटी नखांनी एक सोडवली, खोळ ओढली आणि खालून राखेसारखी पूड सांडली. हरणामागे धावणारा कुत्रा होता तिथे आता नुसतं कापड. कुत्र्याचं शेपूट तेवढं उरलं होतं, आणि लोकरीच्या तुकड्यांतून पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. कसर लागली होती. दुसरी खोळ काढली, तिच्याखालीही तेच. अंधार, ऊब, लोकर, आणि वर्षानुवर्षं ना झटकणं ना ऊन. कसरीला आणखी काय लागतं? चांगल्या पाहुण्याची वाट बघता बघता पाहुणचार कसरीने झोडला होता.

खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा आनंद झाला. चांगला घसघशीत आनंद. मग सासूबाई दारात दिसल्या.

आल्या, गुडघे टेकून सतरंजीवर बसल्या. मी त्यांना जमिनीवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ती पूड बोटांत घेतली, सोडली, पुन्हा घेतली. मी इतकी वर्षं त्यांचं नाक खाली व्हायची वाट बघत होते, आणि ते झालं तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"कापूर आण," त्या म्हणाल्या. "मिसेस लस्कोमकडे असेल. आणि डांबराच्या गोळ्या. आणि तिला सांगू नकोस कशाला."

मिसेस लस्कोम म्हणजे आमची स्वयंपाकीण. तिला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत प्लिमथला कळलं असतं. मी कापूर शोधून, तिच्या तीन प्रश्नांना तीन थापा मारून परत आले तोवर सासूबाईंनी बाकीच्या खुर्च्या एकटीने पाहून टाकल्या होत्या आणि एक सोडून सगळ्यांच्या खोळी पुन्हा बांधल्याही होत्या. त्यांच्या बोटांतून रक्त निघालं होतं.

"एकच शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "पोपटाची."

पोपट खरंच शाबूत होता. हिरवा, लाल चोचीचा, डाळिंबावर बसलेला, काल भरल्यासारखा.

"मग लॉर्ड अ‍ॅशलेकना त्यावर बसवा."

"आणि तिला खोळीवर? त्याच्या बायकोला?"

"मग तिला बसवा."

"आणि त्याला खोळीवर? त्याच्या आजोबांसाठी आठ काढल्या होत्या हे त्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. नवरा-बायकोत एक खुर्ची दिली तर दोघांचाही अपमान, आणि तो आपण मुद्दाम केला असं होईल."

"कसर लागली म्हणून सरळ सांगा ना."

मी त्यांना चारचौघांत कपडे उतरवायला सांगितलं असावं, तशा त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "ट्रेमलेटांच्या घरात कसर नाही," म्हणाल्या, आणि स्कर्टवरची कसरीची पूड झटकली.

मग बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत उभ्या राहिल्या. वळल्या तेव्हा चेहरा पुन्हा होता तसा झाला होता.

"उद्या तुझी आई आमच्याबरोबर जेवेल. पोपटावर ती बसेल."

माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. खोळ एकीचीच काढायची तर ती अशा कुणासाठी काढायची, की अ‍ॅशलेक नवरा-बायकोला वाटावं हा काही वेगळाच रिवाज आहे. माझी आई म्हणजे भोकाला लावायचं ठिगळ.

"ती अवघडेल ना त्या लोकांत," मी म्हटलं. जेवढं कडू बोलता आलं तेवढं बोलले.

"एक दिवस अवघडली तर काही बिघडत नाही," सासूबाई म्हणाल्या.

मी आईला काय सांगणार? 'तुला मान देतायत, पण तो कसरीच्या कृपेने' असं? मी एवढंच सांगितलं की उद्या तुला खाली जेवायचंय, आणि खोळ काढलेल्या खुर्चीवर. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी."

"त्या म्हणाल्या?"

"त्याच म्हणाल्या."

तिने जिलच्या प्लास्टरवरचा पेन्सिलीचा भुगा फुंकला. मग म्हणाली, "थेल्मा, कुणाला तरी दुकानावर पाठव. माझी निळी हॅट वरच्या कपाटात आहे, गोल डब्यात."

दुसऱ्या दिवशी लॉर्ड अ‍ॅशलेक सभागृहाची फीत कापून, दोन भाषणं देऊन आणि एक ऐकून लालबुंद होऊन आले. सरळ जेवणघरात शिरले आणि आपल्या खुर्चीमागे थबकले. निळ्या चौकड्या. त्यांनी डावीकडे पाहिलं, चौकड्या. उजवीकडे बायकोच्या खुर्चीकडे पाहिलं, चौकड्या. लेडी अ‍ॅशलेकनेही पाहिलं, आणि हातमोजे काढता काढता पुन्हा घालू लागली. पाद्रीसाहेबांच्या बायकोने तर श्वासच रोखला. अशा वेळी आमच्याकडे कुणी काही बोलत नाही, फक्त हवामान कसं आहे याची चर्चा सुरू होते. ती सुरू होणारच होती.

सासूबाई टेबलाच्या टोकाला उभ्या होत्या. त्यांनी आईला हाताला धरून आणलं. आईच्या डोक्यावर निळी हॅट, घरात कुणी हॅट घालत नाही तरी. पोपटाच्या खुर्चीजवळ नेऊन त्यांनी ती स्वतः मागे ओढली.

"लॉर्ड अ‍ॅशलेक, तुम्ही जुने लोक, तुम्हाला काय सांगायचं," त्या म्हणाल्या. "या घराचा रिवाज आहे. विहीणबाई पंगतीला असतील त्या दिवशी खोळ त्यांचीच निघते. मग बाकी कुणीही येवो. मिसेस व्हिकरींचा मान राहून गेला होता. आज योग आला."

असा काही रिवाज नव्हता. हम्फ्रीने स्वतःच्या आईकडे वळून पाहिलं, तो काही बोलणार तोच मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर बूट मारला.

लॉर्ड अ‍ॅशलेकचा चेहरा मात्र उजळला. "अर्थातच," ते म्हणाले. "माझी आजी सांगायची. ट्रेमलेटांकडे पहिला मान विहिणीचा. का गं, सांगायची ना?"

"नेहमी," लेडी अ‍ॅशलेक म्हणाली आणि हातमोजे काढून पर्समध्ये टाकले. आजेसासूला तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

जेवण झकास झालं. कोकरू, पुदिन्याची चटणी, नवे बटाटे, शेवटी गूजबेरीची टार्ट आणि घट्ट साय. आई पहिला अर्धा तास काठीसारखी ताठ बसली होती. लॉर्ड अ‍ॅशलेकने विचारलं, "कशी आहे हो खुर्ची?" तर म्हणाली, "काय सांगू, साहेब, मी अजून पूर्ण टेकलेच नाही. पोपट चिरडेल म्हणून अर्धी अधांतरी बसलेय." ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर ते कोकरांबद्दल बोलले, पावसाळी कुरणातलं कोकरू चवीला पाणचट का लागतं वगैरे, आणि मला वाटतं त्या दिवशीच्या सगळ्या भाषणांत त्यांना तेवढंच आवडलं असावं. सासूबाई मध्ये फारशा बोलल्या नाहीत. आईच्या ताटाकडे तेवढं लक्ष होतं.

पाहुणे गेल्यावर आई माझ्या गळ्यात पडली. "पोपटावर बसले गं मी," म्हणाली. "लॉर्ड खोळीवर आणि मी पोपटावर. तुझा बाप असायला हवा होता." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिची पाठ थोपटली आणि तिच्या खांद्यावरून त्या बांधलेल्या खोळींकडे बघत राहिले.

पुढे ती गोष्ट तिने किती वेळा सांगितली याला गणती नाही. किलोभर कलेजी घ्यायला आलेल्या बाईला कलेजीबरोबर पोपट मिळायचा. आसपासच्या घरांतही तो रिवाज पसरला. विहिणीची खुर्ची म्हणे शतकानुशतकं चालत आलीय, असं मी परक्या माणसाच्या तोंडून ऐकलं आणि मान डोलावली. पण दुकानात आईने सुरुवात केली की मला तिथे थांबवत नसे. मी सॉसेजच्या काचेपाशी जाऊन उभी राहायचे. एकदा तिने मला विचारलंही, "तुला ती गोष्ट आवडत नाही का गं?" मी म्हटलं, "आवडते की. फक्त किती वेळा ऐकायची?" ती हसली, आणि त्यानंतर माझ्यासमोर जरा थोडक्यात सांगू लागली.

आई एका हिवाळ्यात गेली, झोपेत. तिच्या अंत्यविधीला आमच्या चॅपलमध्ये, म्हणजे आमच्या पंथाच्या साध्या प्रार्थनाघरात, सासूबाई आल्या, मागच्या बाकावर बसल्या. ट्रेमलेट कधी चॅपलची पायरी चढत नाहीत, त्यांचं सगळं चर्चमध्ये. त्या चढल्या, आणि अनोळखी स्तोत्रं पुस्तकात बघून म्हटली.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी मला बोलावलं. कसरीच्या त्या दिवसापासून खुर्च्या झाडणं, गोळ्या बदलणं हे सगळं त्या एकट्याच दार लावून करत. दुसऱ्या कुणाला खोळीला हात लावू देत नसत. आता सांधे धरले होते.

"नाड्या तू सोड," म्हणाल्या. "माझी बोटं वळत नाहीत. सगळ्या सोड, बाहेर उन्हाला दाखव." आणि टोपली घेऊन परसात शेंगा सोलायला निघून गेल्या.

मी एकेक सोडत गेले. कुत्र्याचं शेपूट. नुसतं कापड. एका फुलाचा देठ. नुसतं कापड. पोपट. मग खिडकीजवळच्या खुर्चीची खोळ ओढली आणि खाली मेंढपाळीण होती. अख्खी. गाल गुलाबी, टोपीला फीत, पायाशी दोन मेंढ्या, आणि एक टाका उसवलेला नाही. मी वाकून नखाने लोकर चाचपली. जुनीच लोकर, जुनाच रंग. कसरीने खाल्लेली लोकर काही परत उगवत नाही. म्हणजे ती त्या दिवशीही अशीच होती.

पोपट आणि मेंढपाळीण. नवरा आणि बायको. दोघांची सोय होत होती.

मी ती खुर्ची तशीच उचलून परसात नेली आणि त्यांच्यासमोर गवतावर ठेवली. त्यांनी मान वर केली नाही. अंगठ्याने शेंग फोडत राहिल्या.

"दोन शाबूत होत्या," मी म्हटलं.

"होत्या का?"

"तुम्ही एक म्हणालात."

"तेव्हा चष्मा नव्हता लावला."

"लावला होता. मी कापूर घेऊन आले तेव्हा तुमच्या नाकावर होता."

त्या थांबल्या. टोपली मांडीवरून उतरवून खाली ठेवली.

"तुमच्या लग्नात," त्या म्हणाल्या, "जेवताना तुझ्या आईच्या खोळीची नाडी सुटली होती, तिने कड उचलून खाली पाहिलं. मला वाटलं, आता विचारेल किती जुनं आहे. सगळे तेच विचारतात. तिने विचारलं, हे कुणी भरलंय? मी म्हटलं, डॉर्कस आणि तिच्या बहिणी. तर म्हणाली, डोळे गेले असतील हो बिचाऱ्यांचे. आणि कड नीट खाली करून नाडी बांधली." त्या मेंढपाळणीकडे बघत होत्या. "डॉर्कसचे गेले होते डोळे. चाळिशीत. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्याबद्दल कुणी कधी बोललेलं नाही. मी सुद्धा नाही."

"मग तेव्हाच का नाही काढली खोळ?"

"वऱ्हाड जेवत होतं. सगळ्यांना उठवायचं?"

"पुढच्या वेळी काढायची. ती किती वेळा आली इथे."

"पुढच्या वेळी काढली असती तर आधी चुकलो असं झालं असतं." हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की यापुढे बोलण्यासारखं काही नाहीच. "काहीतरी निमित्त लागतं. मिळत नव्हतं."

"आणि मग कसर लागली."

"मग कसर लागली."

मी त्या खुर्चीशेजारी गवतावर बसले. सॉसेजच्या काचेपाशी घालवलेली ती सगळी वर्षं माझ्या डोळ्यांपुढे आली.

"मला सांगायचं होतं," मी म्हटलं. "निदान आईला तरी सांगायचं होतं."

"तिला काय सांगायचं?" सासूबाईंना खरोखरच कळेना. "तिला वाटत होतं की मी खोळ तिच्यासाठी काढली. तसंच होतं ते."

मी टोपलीवर वाकून रडले. सासूबाईंनी सोललेले दाणे माझ्या तोंडाखालून हलकेच बाजूला ओढले आणि न सोललेल्या शेंगांचा ढीग पुढे सरकवला.